शेवाळ गाळायचं कापड

मॅडम रागावल्या की 'अहो' म्हणायच्या. एरवी प्रयोगशाळेत सगळ्यांना 'अगं', 'अरे', 'तू'. पण "अहो, जरा इकडे येता का आपण?" असं ऐकू आलं, की ज्याला बोलावलंय तो सोडून बाकीचे सगळे आपापल्या काचसामानात तोंड घालायचे. नव्या मुलांना हे कळायला वेळ लागायचा. त्यांना वाटायचं, काय मान देतात बाई.

मला पहिल्याच दिवशी 'तू' म्हणाल्या. मी पीएचडीसाठी गाइड शोधत त्यांच्या दारात उभी होते. मी लोणी काळभोरची. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी विचारायच्या आत सांगून टाकते. तेव्हाही सांगितलं. अप्पा साखर कारखान्यात फिटर आहेत, हेही सांगितलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे साखर घरचीच आहे. बस. हे खा."

त्यांनी पुढे केलेल्या बशीत एक वाळलेलं, हिरवंगार, कागदासारखं पातळ पान होतं. मी ते तोंडात टाकलं. आधी खारट लागलं, मग जिभेवर बुळबुळीत झालं.

"काय लागलं?"

"मला वाटतं, यात..."

"वाटतं नको. लागलं काय?"

"खारट. बुळबुळीत."

"छान. त्या बुळबुळीची रचना काढायची आहे. जी गोष्ट खाताना घाण वाटते तिच्यावर चार-पाच वर्षं काढता येत नाहीत, म्हणून आधी खाऊन बघायचं."

अशी माझी मुलाखत झाली. ते समुद्रातलं खायचं हिरवं शेवाळ होतं, उल्वा. त्याच्या पेशींच्या भिंतीत साखरेच्या रेणूंची एक लांबच लांब साखळी असते, आणि तिच्यावर जागोजागी सल्फेट बसलेलं असतं. तिला उल्व्हान म्हणतात. औषधाला, जेलला, कशाकशाला तिचा उपयोग होईल म्हणून जगभर लोक तिच्या मागे आहेत. मॅडमना उपयोगात फारसा रस नव्हता. "उपयोग करणारे पुष्कळ आहेत," त्या म्हणायच्या, "ती बांधली कशी आहे हे बघणारे कमी."

ती बांधली कशी आहे हे त्यांनी मला ज्या भाषेत समजावलं, ती नंतर कुठल्या पुस्तकात सापडली नाही. म्हणाल्या, साखरेच्या प्रत्येक रेणूला काही हात आहेत असं समज. एका हाताने पुढच्याला धरलंय, दुसऱ्याने मागच्याला. काही हात रिकामे आहेत. काहींच्या तळव्यावर सल्फेट येऊन बसलंय. कोणी कोणाला कुठल्या हाताने धरलंय, एवढंच आपल्याला बघायचंय. बाकी सगळं इंग्रजी.

"पण मॅडम, ते दिसणार कसं?"

"रिकाम्या हातांना रंग लावायचा. मग साखळी तोडायची. ज्या हाताला रंग लागला नाही, तो गुंतलेला होता. कळलं?"

"आणि सल्फेट?"

"सल्फेट काढून टाकायचं आणि पुन्हा रंगवायचं. जो हात आधी कोरा राहिला होता आणि आता रंगला, त्याच्यावर सल्फेट होतं. म्हणजे जे गेलं ते कुठे होतं, हे ते गेल्यावर कळतं." एवढं बोलून त्या डबा उघडायला गेल्या.

त्यांचा डबा हा एक वेगळाच विषय होता. स्टीलचा, दोन कप्प्यांचा. त्यात बहुतेक वेळा थालीपीठ, आणि थालीपिठात कोथिंबिरीच्या जागी उल्वा. येईल त्याला त्यातला तुकडा मिळायचा. संचालकांनाही मिळायचा. एकदा दिल्लीहून तपासणीला समिती आली, तेव्हा मॅडमनी बिस्किटांच्या बशीशेजारी थालीपिठाची बशी ठेवली. एका सदस्याने दुसऱ्यांदा घेतल्यावर मॅडमनी सांगितलं, "प्रकल्प खाताय आपण." त्याचा घास तसाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "खा, खा. अहवालात लिहू नका म्हणजे झालं."

त्या शनिवार पेठेत राहायच्या, लिफ्ट असलेल्या एका साध्या इमारतीत, वडिलांबरोबर. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायच्या, दळण आणायचं राहून गेलं अशा सुरात. नेहमी सुती साडी, आणि तिला घरी शिजवलेली तांदळाची खळ. साडी इतकी कडक असायची की त्या बोळात आल्या की आधी साडीचा आवाज यायचा, मग मॅडम. ही खळ पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. पण तेव्हा आम्ही तिच्याकडे मॅडमची एक हौस म्हणूनच बघत होतो.

हिवाळ्यात शेवाळ आणायला आम्ही एसटीने मालवणच्या बाजूला जायचो. ओहोटीला खडक उघडे पडले की मॅडम साडी वर खोचून, पायात रबरी बूट घालून पुढे. पान कात्रीने कापायच्या, मुळासकट उपटू द्यायच्या नाहीत. आणि धुवायचं ते समुद्राच्याच पाण्यात, गोड्या पाण्याचा थेंबही नको. तिथे कालवं फोडणाऱ्या बायका असायच्या. त्यातली एक हसत म्हणाली, "काय गो बाय, ह्या खातत काय पुण्यात?"

मॅडम वर न बघता म्हणाल्या, "पुण्यात सगळं खातात हो. आधी नावं ठेवतात, मग खातात."

त्या बाईला ते इतकं आवडलं की तिने मॅडमच्या हातावर एक ताजं कालव ठेवलं. मॅडम जन्माच्या शाकाहारी. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवलं. "हिला द्या. हिला अजून सगळं शिकायचंय." मी खाल्लं. चांगलं होतं.

त्यांचं एक वाक्य प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होतं: दिसलं ते सांग, वाटलं ते नंतर. कुणी आलेख घेऊन धावत गेलं आणि "मॅडम, मला वाटतं..." म्हणालं, की हात वर. "दिसलं काय?" मग आपण सांगायचं, इथे एक शिखर दिसलं, तिथे नाही दिसलं. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि दुसऱ्या कामाला लागायच्या. ते 'नंतर' काही यायचं नाही. वाटलं काय, हे त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

'नवीन' हा शब्दही त्यांना चालायचा नाही. प्रबंधात कुणी 'नवीन रचना' लिहिलं की लाल रेघ. म्हणायच्या, नवीन आहे की नाही ते दुसऱ्याने म्हणायचं, आपण फक्त मांडायचं.

आता कापडाचं सांगते.

शेवाळ पाण्यात उकळलं की उल्व्हान पाण्यात उतरतं आणि ते पाणी पातळ पिठल्यासारखं दाट होतं. ते फिल्टर पेपरवर ओतलं तर पेपर लगेच चोंदतो. म्हणून ते आधी गरम असतानाच कापडातून गाळायचं, चक्क्यासाठी दही बांधतात तसं. बाकीच्या प्रयोगशाळा मलमल विकत आणत. आमच्याकडे मॅडमच्या वडिलांचं जुनं धोतर यायचं. ते पोस्टमास्तर होऊन निवृत्त झालेले, शेवटपर्यंत धोतर नेसणारे. धोतर विरलं, नेसायच्या कामाचं राहिलं नाही, की ते स्वतः धुऊन, घडी करून मुलीच्या हातात द्यायचे. "घे. यातून गाळ तुझं शेवाळ." मुलगी काय करते हे त्यांना नीट कळलं नव्हतं आणि त्यांनी ते कबूलही केलं होतं. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "काय हो, ते हिरवं पाणी गाळून झाल्यावर ठेवायचं कोणतं? वरचं की खालचं?"

"खालचं, आजोबा."

"असं होय. मी इतके दिवस उलटं समजत होतो. कामाला येतं ना पण माझं धोतर?"

मला आमच्या अप्पांची आठवण झाली. तेही असंच विचारायचे, दर रविवारी, "झालं का गं तुझं श्यावाळ?" आणि आई मागून म्हणायची, "लेकीला समुद्राचं गवत शिजवाया पाठवलंय. आम्ही हितं भाजी शिजवतो, आमाला कुणी डॉक्टर म्हणंना."

वर्षानुवर्षं धुतलेलं ते कापड इतकं मऊ आणि दाट बसलेलं असायचं की त्यातून पाणी काचेसारखं स्वच्छ यायचं. मी रुजू झाल्यावर दुसऱ्या वर्षी मॅडमचे वडील गेले. मॅडम थोड्याच दिवसांत कामावर आल्या, साडी तेवढीच कडक. हाताशी होतं ते कापड वापरून वापरून फाटलं, तेव्हा मी सहज विचारलं, "मॅडम, घरी अजून एखादं धोतर असेल ना?"

"आहे एक. ते नाही कापायचं."

दुसऱ्या दिवशी त्या लक्ष्मी रस्त्यावरून मांजरपाट घेऊन आल्या. कोरं, जाडं, पिवळसर. स्वतः कापून, घरच्या मशीनवर शिवून त्याच्या गाळायच्या पिशव्या केल्या. नळाखाली खंगाळून वाळवल्या. आम्ही त्या वापरायला लागलो, दर वेळी कोरी एक.

आणि मग माझ्या साखळीत ग्लुकोज दिसायला लागलं.

इथे थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल, पण सोपं आहे. उल्व्हानच्या साखळीत मुख्य साखर असते रॅम्नोज. सल्फेट बसतं ते बहुतेक तिच्यावर. ग्लुकोज त्यात असायचं कारण नाही. पण शेवाळाला त्याचा स्वतःचा स्टार्च असतो, बटाट्याला असतो तसा, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच माळ. म्हणून तो स्टार्च आधी एन्झाइम घालून संपवायचा असतो. मी तो संपवला होता. आयोडीनचा थेंब टाकून पाहिलं होतं, शाळेत बघतो तसं. निळं झालं नव्हतं. स्टार्च शून्य. आणि तरीही शेवटच्या पावडरीत ग्लुकोज येत होतं, पुन्हा पुन्हा, तेवढंच.

म्हणजे ते स्टार्चचं नाही. म्हणजे ते साखळीचंच आहे, तिला फुटलेली फांदी आहे. अशी फांदी या शेवाळात कुणी दाखवली नव्हती.

मॅडमनी माझ्याकडून ते परत करून घेतलं. वेगळ्या खडकावरचं शेवाळ घेऊन परत. तेच आलं. विद्युतभारावरून रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून सोडलं तर त्यातलं थोडं ग्लुकोज सुटून आधीच बाहेर पडायचं, बाकीचं साखळीबरोबर यायचं. आम्ही म्हणालो, फांदी नाजूक आहे, तुटत असेल. एके दुपारी मॅडम बराच वेळ आलेख बघत बसल्या आणि मग हळूच, स्वतःशीच म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "नवीन आहे गं हे."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रबंधातून जो शब्द खोडला, तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला शेवटी शेवटी आला होता. त्या दिवशी आमच्या सगळ्यांसाठी त्यांनी खालून भेळ मागवली.

माझंही सगळं त्या फांदीवर लटकलं होतं. प्रबंधाचा कणा तोच होता. खराडीच्या एका कंपनीने मला निवडलं होतं, अट एकच की प्रबंध वेळेत जमा व्हावा. घरी आईने पेढे कुठल्या दुकानातून आणायचे यावर अप्पांशी वाद सुरू केला होता. राहिलं होतं फक्त जमा करण्याआधीचं सेमिनार. समितीसमोर बोलायचं, त्यांनी होकार दिला की झालं.

सेमिनार चांगलं झालं. खोटी नम्रता कशाला, फारच चांगलं झालं. फांदीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा समितीचे अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. शेवटी ते म्हणाले, "उत्तम. कुणाला काही विचारायचंय?"

पहिल्या रांगेतून मॅडमचा हात वर गेला.

लोक हसले. गाइड आपल्याच विद्यार्थिनीला प्रश्न विचारत नाही. मॅडम उठून उभ्या राहिल्या. साडीचा आवाज झाला.

"अहो," त्या मला म्हणाल्या. "आयोडीनची चाचणी आपण कधी केली? गाळण्याच्या आधी की नंतर?"

"आधी, मॅडम. एन्झाइम झाल्यावर लगेच."

"नंतर केली?"

"नाही."

"मीही करायला सांगितली नाही." मग त्या समितीकडे वळल्या. "काल मी गाळायची पिशवी धुऊन वाळत घातली होती. आज सकाळी घडी करायला घेतली तर ती मऊ लागली. शिवली तेव्हा पत्र्यासारखी होती. मी रोज साडीला खळ करते. खळ आपोआप जात नाही, पाण्यात जाते, आणि गरम पाण्यात लवकर जाते. त्या पिशवीचा कडकपणा गेला कुठे, एवढंच मला बघायचंय."

त्यांनी पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि मांजरपाटाचा एक कोरा तुकडा काढला, पिशव्या शिवून उरलेला. चहासाठी ठेवलेल्या किटलीतलं उकळतं पाणी एका पांढऱ्या कपात घेतलं आणि तुकडा त्यात बुडवला. चमच्याने दाबला. मग तो काढून टाकला आणि कप टेबलावर ठेवून शांत उभ्या राहिल्या.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आता?"

"गार होऊ द्या. गरम असताना निळं दिसत नाही."

मग आम्ही सगळे, समिती, विद्यार्थी, चहावाला, एक कप गार व्हायची वाट बघत बसलो. पडद्यावर माझी फांदी तशीच होती. कुणीतरी खोकलं. मी पडद्याशेजारी उभी होते आणि मला बसावं की नाही ते कळत नव्हतं.

कपाला हात लावून पाहून मॅडमनी बाटलीतला एक थेंब टाकला. मग कप उचलून समितीच्या पुढे धरला, आणि शेवटी माझ्या पुढे. शाईसारखं निळं झालं होतं.

गिरणीतून निघताना कापडाला खळ असते, म्हणजे स्टार्चच. ती थंड पाण्यात खंगाळून जात नाही. आम्ही एन्झाइमने शेवाळाचा स्टार्च संपवायचो, उकळून एन्झाइमही मारायचो, मग ते गरम पाणी पिशवीतून गाळायचो, आणि पिशवी त्यात स्वतःचा स्टार्च सोडायची. जी फांदी मी पडद्यावर काढली होती ती समुद्रातून आलेली नव्हती. ती लक्ष्मी रस्त्यावरून आली होती.

अध्यक्ष सावरून म्हणाले, "हे तुम्ही खाजगीत सांगू शकला असतात, मॅडम."

"आम्ही दावा चारचौघांत केला. शंका चारचौघांतच घ्यायला हवी. आणि कापड मी आणलं होतं, हिने नाही. तेवढं इतिवृत्तात लिहा."

मी त्यांच्याशी न बोलता निघाले. माझा राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. सकाळी कळलं होतं तर दारातच मला थांबवायचं. "आजचं पुढे ढकलू" एवढं म्हणायचं. नंतर कधीतरी मी त्यांना हे तोंडावर बोललेही. त्या म्हणाल्या, "खात्री नव्हती. कप गार झाल्यावर झाली." मग, "आणि सकाळी सांगितलं असतं तर तू मला गप्प राहायला सांगितलं असतंस आणि मी राहिले असते. मला ते ग्लुकोज फार आवडलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईने काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. संध्याकाळी अप्पा येऊन शेजारी बसले.

"काय झालं गं?"

"जे सापडलं होतं ते खोटं निघालं. मॅडमनीच भर सभेत दाखवलं, कापड मी आणलं होतं म्हणाल्या."

"समदं?"

"नाही. थोडंच. पण तेवढंच महत्त्वाचं होतं."

"मंग आता?"

"परत करायचं. पहिल्यापासून गाळायचं. कंपनी थांबायची नाही."

अप्पा म्हणाले, "त्या बाई हायेत का तिथं अजून? का त्या बी गेल्या रागानं?"

"असतील."

"मंग जा की. त्या बाईनं भर सभेत सोताचं नाक कापून घेतलंय, आन तू हितं बसून काय करतीस?"

पुढचं लवकर सांगते, कारण ते सगळ्यांचंच होतं तसं झालं. कंपनी खरंच थांबली नाही. नंतर खराडीतल्याच दुसऱ्या कंपनीने घेतलं, आज मी तिथेच आहे, आणि चांगल्या जागेवर आहे. प्रबंध जमा झाला, पण फांदीशिवाय. एका किनाऱ्यावरच्या शेवाळाची रचना, आधी माहीत असलेल्या रचनेसारखीच, सल्फेटच्या जागा तेवढ्या थोड्या वेगळ्या. मॅडमनी त्यात खळीवर एक स्वतंत्र भाग लिहायला लावला. मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "बाकीचं कुणी वाचणार नाही. हे वाचतील." तसंच झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पहिला प्रश्न कापडावर विचारला आणि शेवटचाही. आईचे पेढे चितळ्यांचे की आणखी कुणाचे हा वाद मिटला नाहीच, तिने घरीच केले. मॅडम निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी गेल्याही. शेवटपर्यंत डब्यात तेच थालीपीठ होतं, असं त्यांच्या शेजारणीने सांगितलं.

पण त्यांचं नाव निघालं की मला यातलं काही आठवत नाही. मी परत गेले ती सकाळ आठवते.

माझ्या ओट्यावर गाळायच्या कापडाचे दोन मोठे चौकोन घडी करून ठेवलेले होते. मी घडी उलगडली. पातळ, मऊ, दुधासारखं पांढरं कापड. एका कडेला बारीक तांबडा काठ तसाच राहू दिला होता. एके ठिकाणी रफू होतं, पुरुषाच्या हातचं वाटावं असं वेडंवाकडं. ते कोणतं कापड आहे हे मला विचारावं लागलं नाही.

मॅडम खिडकीशी पाठमोऱ्या होत्या. "आलीस? पातेलं उतरव. गरम आहे तोवर गाळू."

आम्ही दोघींनी कापड दुसऱ्या, रिकाम्या पातेल्यावर ताणून धरलं, एका बाजूने त्या, एका बाजूने मी, आणि एका हाताने मी मगाने शेवाळाचं पाणी ओतत गेले. हिरवा गाळ वर राहिला. खाली स्वच्छ, किंचित पिवळं पाणी उतरलं. पाणी बरंच उतरल्यावर मॅडमनी एका परीक्षानळीत थोडं घेतलं, ओट्यावर उभं करून ठेवलं आणि कापडाचं आपलं टोक पुन्हा धरलं. ती नळी गार होईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो. मग त्यांनी मान हलवली. मी मोकळ्या हाताने आयोडीनचा थेंब टाकला.

"काय दिसलं?"

"काही नाही. निळं नाही. आयोडीनचा पिवळाच रंग आहे."

"हं." त्या नळीकडे बघत राहिल्या. मग, मला आधी वाटलं त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत, "आणि वाटलं काय?"

मी कापडाकडे पाहिलं. रफूची जागा हिरवी झाली होती.

"हे कापायला नको होतं, असं वाटलं."

त्यांनी काठावरची पकड जरा सारखी केली.

"बाबा सारखे विचारायचे, कामाला येतं ना," त्या म्हणाल्या. "टोक नीट धर. माझ्या बाजूला सांडतंय."